कागदावर तारीख आहे, ओल कुठे आहे?

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात काळ्या रानात पहार मारून पाहा. हाताला झिणझिण्या येतात आणि पहार वीतभरही आत जात नाही. हस्ताचा पाऊस झाल्यावर तीच पहार त्याच जागी नुसती टेकवली तरी हातभर उतरते, आणि काढताना चिखल सोबत घेऊन येते. यात नवल ते काय, असे कोणीही शेतकरी म्हणेल. नवल त्यात नाहीच. नवल हे की रस्त्याचे, कालव्याचे, शेततळ्याचे, निचऱ्याच्या चराचे आणि माती परीक्षणाचे जे कागद आपल्या गावात येतात, त्यांतल्या बहुतेकांना या दोन पहारींमधला फरक ठाऊक नसतो. चाचणी झाली, आकडा आला, सही झाली. जमीन टणक ठरली, किंवा निचऱ्याची ठरली, किंवा निरोगी ठरली. कोणत्या ओलीत ठरली, हे विचारायचे नाही!

पणदऱ्याला भरणाऱ्या बैठकीपुढे ऊसदराचा आणि विजेचा विषय नेहमीप्रमाणे आहेच. त्यांच्या जोडीला हा मातीच्या चाचणीचा विषय आम्ही मुद्दाम ठेवत आहोत. काही कार्यकर्त्यांना तो कॉलेजातला वाटेल. तसा तो नाही. या आकड्यांवर तुमच्या वाटेची खडी ठरते, तुमच्या चराची खोली ठरते, आणि तुमची तक्रार खरी की खोटी हेही ठरते.

आपल्या भाषेत एक फार मोलाचा शब्द आहे : वापसा. पाऊस उघडला, वरचे पाणी जिरले, मातीच्या बारीक छिद्रांत ओल राहिली, मोठ्या छिद्रांत हवा शिरली, औताला माती चिकटेना, मुठीत दाबली तर लाडू होतो आणि बोटाने ढकलला तर फुटतो, असे झाले की रान वापशावर आले. कृषी महाविद्यालयात हीच गोष्ट शिकायला आम्हाला एक सत्र लागले. मातीचे कण, पाणी आणि हवा अशी तिघे जेथे एकत्र नांदतात त्या मातीला शास्त्रात असंपृक्त माती म्हणतात. पाण्याने काठोकाठ भरलेली नाही आणि ठणठणीत कोरडीही नाही, अशी. आपल्या रानाचे वर्षातले बहुतेक दिवस याच मधल्या अवस्थेत जातात. वापसा हा त्या अवस्थेतला एक टप्पा. त्याच्या अलीकडे चिखल आहे, पलीकडे ढेकूळ आहे, आणि मातीचे बळ दर टप्प्याला बदलते.

का बदलते? नीरेच्या वाळूत पोरे पायावर खोपा करतात ते आठवा. कोरड्या वाळूचा खोपा होत नाही. पाण्यात बुडालेल्या वाळूचाही होत नाही. ओलसर वाळूचा मात्र उभा राहतो. कणाकणांच्या फटीत अडकलेले थोडे पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते. ही पाण्याची ओढ हेच मातीचे अदृश्य बांधकाम. वाळूत ती थोडी असते. आपल्या भारी काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, छिद्रे अतिशय बारीक असतात, म्हणून ही ओढ प्रचंड वाढते. वापशाच्या वेळी ती साधारण एक तृतीयांश वातावरणाच्या दाबाइतकी धरतात. पीक कायमचे सुकते तेव्हा ती पंधरा वातावरणांपर्यंत गेलेली असते. मेच्या उन्हात त्याच्याही पलीकडे. म्हणजे उन्हाळ्यातले ढेकूळ घट्ट असते ते स्वभावाने नव्हे, पाण्याने ओढून धरल्यामुळे. ते ढेकूळ बादलीत टाका. फसफस हवा सुटते आणि बघता बघता त्याचा गाळ होतो. ओढ गेली, बळ गेले.

आता हे लक्षात घेऊन चाचणीकडे पाहा. टोकदार सळई मातीत ठोकायची, किती ठोक्यांत किती आत गेली ते मोजायचे, ही जगभरची पद्धत आहे. गावरस्त्यांसाठी जे साधन वापरतात त्यात आठ किलोचा घण ५७५ मिलिमीटर उंचीवरून सोडतात आणि २० मिलिमीटर व्यासाचे टोक जमिनीत जाते. साधन चांगले आहे. हलके आहे, दोन माणसे उचलून नेतात, खोटे बोलत नाही. पण ते सांगते ते आजच्या मातीचे बळ. त्यात मातीचे स्वतःचे बळ किती आणि पाण्याच्या ओढीचे उसने बळ किती, हे ते वेगळे करून सांगत नाही. उसने बळ पहिल्या मोठ्या पावसाला परत जाते.

मृदा यांत्रिकी या शास्त्राचा पाया कार्ल टेर्झागी यांनी १९२५ साली घातला. तो मुख्यतः पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीसाठी होता आणि त्या मातीपुरता तो आजही भक्कम आहे. हवा आणि पाणी दोन्ही असलेल्या मातीचे गणित पुढे लंडनमध्ये बिशप यांनी १९५९ च्या सुमारास मांडले. नंतर कॅनडातील सस्काचेवानमध्ये फ्रेडलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाढवले. त्या प्रांतातही आपल्यासारखी फुगणारी, आकसणारी माती आहे, आणि गरज असली की विद्या वाढते. परंतु खुंटी ठोकून आलेल्या आकड्यावरून बळ सांगणारे जे तक्ते सर्रास वापरतात, ते प्रामुख्याने भिजलेल्या चिकणमातीवर किंवा वाळूवर बसवलेले आहेत. भेगाळलेल्या काळ्या रानात ते जसेच्या तसे लावणे म्हणजे गाईच्या दुधाचा फॅट लावून म्हशीचे बिल काढण्यासारखे आहे.

यात आणखी एक मेख आहे. ती शेतकऱ्याला माहीत असते, पुस्तकवाल्याला सांगावी लागते. समजा मातीत आज पंचवीस टक्के ओल आहे. ही ओल दोन वाटांनी येऊ शकते. रान भिजलेले होते आणि वाळत वाळत पंचवीसवर आले, किंवा रान कोरडे होते आणि भिजत भिजत पंचवीसवर पोचले. आकडा एकच, पण पाण्याची ओढ एकच नाही. वाळत आलेल्या मातीत ती जास्त असते, भिजत चाललेल्या मातीत कमी. म्हणून नुसती ओलीची टक्केवारी लिहूनही भागत नाही. आधी पाऊस कधी पडला, पाटाचे आवर्तन कधी सुटले, हेही लिहावे लागते. डॉक्टर नाडी पाहताना काय खाल्ले ते विचारतो, तसेच हे.

इथे नीरेच्या खोऱ्याचा स्वभाव मध्ये येतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला. भाटघरचे जुने धरण १८९२ चे, नवे १९२८ चे. त्याआधी हे सगळे रान आभाळावर होते. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि उन्हाळ्यात हात घालावा अशा भेगा. मातीचे वर्ष ठरलेले असे : मृगापासून भिजू लागायचे, हस्त-चित्रात पोट भरायचे, शाळू त्या ओलीवर काढायचा, शिमग्यानंतर फाटू लागायचे. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात आजही थोड्याफार फरकाने हेच चालते. कालव्याखाली मात्र मातीला दुसरे पंचांग मिळाले. ते धरणातल्या साठ्यावर आणि आवर्तनाच्या पाळीवर चालते. पणदऱ्याच्या शिवारात पाणी सुटून रान वापशावर येते, तेव्हा इंदापूर तालुक्याच्या टोकाला चारी अजून कोरडी असू शकते. एकाच तारखेला एकाच कालव्यावर दोन वेगळ्या जमिनी! आणि जिल्ह्याच्या कागदावर मात्र 'उन्हाळी हंगाम' एवढा एकच शब्द.

रस्त्याचेच उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त तक्रारी त्याच्या येतात. रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजायची सीबीआर नावाची चाचणी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात निघाली. आपल्याकडच्या मानकात मातीचा नमुना साच्यात ठासून चार दिवस, म्हणजे ९६ तास, पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग दाबतात. रस्ता वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी कसा वागेल, हे पाहण्यासाठी हे भिजवणे आहे. काळी माती चार दिवस भिजल्यावर दोन-तीन टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली येते. तीच माती न भिजवता दाबली तर अनेक पट जास्त आकडा देते. पट किती, ते त्या दिवशीच्या ओलीवर अवलंबून. आता रस्तेशास्त्रात असाही एक विचार आहे की जेथे पाऊस कमी आणि भूजल खोल, तेथे माती इतकी भिजतच नाही, तर पूर्ण भिजवलेल्या आकड्यावर जाड रस्ता बांधून पैसा का घालवावा? कोरड्या मुलखासाठी हा विचार चुकीचा नाही. पण बारामती आणि इंदापूरचे पर्जन्यमान पाहून कोणी हा नियम आपल्या पाणंदीला लावला, तर त्याने पर्जन्यमापक वाचला आणि कालवा वाचला नाही, असेच म्हणावे लागेल. आपल्या बागायत शिवारात रस्त्याच्या दोन्ही अंगांना बारा महिने ऊस भिजतो. पाटाचा पाझर बाजूपट्टीखालून आत येतो. आकाशातून पाचशे मिलिमीटर पडले म्हणून रस्त्याखालची माती पाचशे मिलिमीटरची राहत नाही.

शिवाय पाणंदीचे काम निघते कधी? उन्हाळ्यात. रान रिकामे असते, मशीन जाते, आणि मार्च-एप्रिलपर्यंत निधी खर्ची पडायचा असतो. माती कोरडी, ढेकळे फोडायची, रोलर फिरवायचा. मातीची दाबाई नीट व्हायची तर तिला ठरावीक ओल लागते, हे प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९३३ साली दाखवून दिले. त्याहून कमी ओलीत दाबलेली काळी माती त्या दिवशी दगडासारखी घट्ट लागते आणि चाचणीत छान उत्तीर्ण होते. पण पाणी प्यायला सर्वांत जास्त अधीर तीच असते, आणि फुगतेही तीच जास्त. टँकरचे पाणी अंदाजपत्रकात असते. ते रस्त्यावर पडते की नाही, हे पाहायला गावातले दोघे जण उभे असले तर बरे! मग पावसाळा येतो, हस्ताने रान भरते, आणि माती सर्वांत मऊ असते नेमक्या त्याच सुमाराला कारखान्यांचे गाळप सुरू होते. दोन ट्रॉल्या उसाने भरलेला ट्रॅक्टर ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या वाटेवर उतरतो. रस्त्याची परीक्षा मेमध्ये झाली, नोकरी मात्र त्याला कार्तिकात करायची आहे.

रस्ता बसला म्हणून अर्ज केला की कार्यालयातून मेमधला उतारा दाखवला जातो. आमच्या एका कार्यकर्त्याला तर 'जमीन उत्तम, वापर चुकीचा' असे तोंडी उत्तर मिळाले. त्या कागदावर ठोक्यांचे आकडे नीट होते, जागा बरोबर होती, तारीख होती. ओलीचा रकाना होता आणि तो कोरा होता. चाचणी करणाऱ्याने काही लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. रकाना कोरा ठेवता येतो, ही पद्धतच लबाडीला पुरेशी आहे.

आता पाण्याच्या निचऱ्याकडे वळू. यात आमच्या भागाचे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे. कालवा आला, ऊस आला, भूजल वर आले आणि चांगल्या जमिनी चिबड-खारपड होऊ लागल्या. हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर लिहिलेली पुस्तिका १९१० ची आहे. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आली, ती ऊस एकाच जागी दाटू नये आणि पाणी गावागावांत वाटले जावे यासाठी. आज खडकवासल्याला जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात १९१६ साली सिंचन आणि निचऱ्याच्या प्रश्नासाठी झाली. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चे. तेथे बसू आणि सिरूर यांनी नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींचे खड्डे खणून, थर पाहून प्रकार पाडले आणि १९३८ मध्ये ते छापले. या मंडळींनी खड्डा खणून थर पाहिले, हे महत्त्वाचे. त्यांनी वरची ओंजळभर माती घेऊन निकाल दिला नाही.

निचरा मोजायची साधी पद्धत म्हणजे जमिनीत दोन कडी ठोकून पाणी ओतायचे आणि तासाला किती जिरते ते पाहायचे. मेमध्ये हे केले तर भेगांतून पाणी गडप होते. कागदावर येते, जमीन अतिशय निचऱ्याची. ऑगस्टात माती फुगून भेगा मिटलेल्या असतात, त्याच जागी पाणी तासाला काही मिलिमीटरसुद्धा मोठ्या मुश्किलीने जाते. दोन्ही मोजण्या खऱ्या आहेत. चराचे अंतर ठरवायचे तर कोणती धरायची? अर्थातच दुसरी, कारण पीक सडते ते ऑगस्ट-सप्टेंबरात. भूजलाखालच्या मातीतून पाणी किती वेगाने वाहते हे पाहण्यासाठी गिरमिटाने भोक पाडून, पाणी उपसून, पातळी किती वेळात भरते ते मोजतात. उन्हाळ्यात पातळी खाली गेलेली असली तर भोकात पाणीच नसते. म्हणजे त्या चाचणीचा हंगामच पावसाळ्याअखेरचा आहे, आणि कर्मचारी येतो उन्हाळ्यात, कारण तेव्हा गाडी बांधापर्यंत जाते. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजला निचऱ्याचेच काम करणारे संशोधन केंद्र आहे. आपल्या तरुणांनी तेथे जाऊन एकदा पाहून यावे.

क्षारांचे तर पाय माणसासारखे आहेत. पाणी जाईल तिकडे ते जातात. उन्हाळ्यात वरची माती वाळते, खालचे पाणी केसासारख्या छिद्रांतून वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच. पाऊस झाला की तोच क्षार विरघळून खाली जातो. एप्रिल-मेमध्ये वरच्या दोन बोटांची माती घेतली तर जमीन भयंकर खारी निघेल. ऑगस्टात वीतभर खोल घेतली तर बरीच बरी निघेल. जमीन त्या दोन महिन्यांत ना बिघडली ना सुधारली. मृदा आरोग्य पत्रिकेची केंद्र सरकारची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेवर बारा घटकांचे आकडे येतात. बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना, पीक निघाल्यावर घ्यायचा. नत्र-स्फुरद-पालाशासाठी तो कागद उपयोगाचा आहे, आम्ही तो टाकून द्या म्हणत नाही. पण चोपण आणि खारपडीचा निवाडा करायला तो पुरेसा नाही. वरच्या थरापलीकडे तो जात नाही, भूजलाची पातळी त्यात नाही, आणि नमुन्याच्या आधी रान कितीदा भिजले हेही त्यात नाही. ज्याच्या रानात चोपणीची शंका आहे त्याने एक हात, दोन हात आणि तीन हात खोलीवरचे वेगळे नमुने द्यावेत, तेही उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्याअखेर एकदा.

काहींना वाटेल, आता यंत्रे आली आहेत, सेन्सर आले आहेत, हा प्रश्न संपला. बारामतीत उसाच्या रानात ओल मोजणारी यंत्रे बसवून पाणी देण्याचे प्रयोग गेल्या काही वर्षांत झाले आहेत, ते चांगलेच आहे. पण यंत्र काय मोजते ते विचारा. काही यंत्रे पाणी किती आहे ते सांगतात, काही पाण्याची ओढ किती ते सांगतात. भारी काळ्या मातीत वीस टक्के पाणी असूनही पीक मान टाकते, तर वाळूत वीस टक्के म्हणजे चैन असते. मुळाला टक्केवारी कळत नाही, ओढ कळते. ओढ मोजणारी जी पाण्याने भरलेली नळी मिळते ती साधारण पाऊण वातावरणाच्या थोडे पुढेपर्यंतच काम देते, त्यानंतर तिच्यात हवा शिरते. आणि काळ्या मातीत भेग पडून यंत्राचे टोक मातीपासून सुटले तर ते भेगेतल्या हवेचा हिशेब सांगत बसते! यंत्र बसवणाऱ्याला मातीचा स्वभाव शिकवावा लागतो, तो यंत्राबरोबर खोक्यात येत नाही.

कालव्याच्या अस्तरीकरणावर आपल्या भागात मतभेद आहेत, विहिरींचा पाझर जाईल ही भीती खरी आहे, आणि त्यावर वेगळे लिहावे लागेल. येथे एवढेच, की काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकले तर माती फुगून ते उचलते आणि फोडते. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर अनेक वर्षे काम केले. न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा सुमारे एक मीटरचा थर मध्ये दिला तर फुगवटा आवरतो, हे त्यांनी दाखवले आणि कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर ते वापरलेही गेले. काळ्या मातीत ओलीची वर्षाची ये-जा साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते असे धरून रुरकीच्या संस्थेने घरांसाठी तळाशी फुगीर खांबांचा पाया सुचवला. आपल्या वाडवडिलांनी काळी पेरायला आणि पांढरी राहायला ठेवली होती. गावठाण वाढून काळीत उतरले तेव्हापासून भिंतींना तिरक्या भेगा दिसू लागल्या.

कोणी म्हणेल, मेमध्ये चाचणी केली तर निदान सगळीकडे सारखी कोरडी माती मिळते, तुलना तरी होते. २०२५ सालच्या मे महिन्याने या समजुतीचाही निकाल लावला. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात शिरला. २५ मे रोजी, रोहिणी लागत होती त्याच सुमारास, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली आणि पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. १५ मे आणि २८ मे, दोन्ही तारखा कागदावर 'उन्हाळी हंगाम' याच शब्दात बसतात. त्या तेरा दिवसांत शिवारातली माती दगडाची लापशी झाली होती. पावसाचे दिवस मागेपुढे होत चालले असताना महिना लिहून ओल कळेल, हा भरवसा कोणी धरू नये.

तेव्हा बैठकीपुढे जो ठराव येईल त्यात मागणी फार मोठी नाही. पुणे जिल्ह्यात शेतजमिनीत, पाणंदीवर किंवा कालव्याच्या भरावावर जी कोणती चाचणी होईल तिच्या कागदावर मातीची ओल टक्क्यांत, नमुन्याची खोली, जवळच्या विहिरीची पाणीपातळी, आणि आधीच्या शेवटच्या पावसाची व आवर्तनाची तारीख लिहिली जावी. हे चार रकाने कोरे असतील तर त्या कागदाच्या आधारे शेतकऱ्याची तक्रार फेटाळता येऊ नये. बागायत शिवारातल्या रस्त्याची माती भिजवूनच तपासावी, पर्जन्यमानाची सबब चालू नये. निचऱ्याची मोजणी सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा तरी व्हावी. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. एक तराजू, एक भट्टी आणि एक दिवस पुरतो.

तोपर्यंत आपण हात बांधून बसायचे कारण नाही. गावात चाचणी होताना त्याच खड्ड्यातली, त्याच खोलीची पावशेर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घ्या. सोन्या-चांदीच्या नव्हे, पण किराण्याच्या चांगल्या काट्यावर तिचे वजन करा. प्रयोगशाळेत ती १०५ अंशांवर चोवीस तास वाळवतात. घरी मंद आचेवर तव्यावर, हलवत हलवत, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवली तरी अंदाज येतो. गेलेले वजन भागिले राहिलेले वजन, गुणिले शंभर. ओली १३० ग्रॅम होती, वाळून १०० राहिली, तर ओल तीस टक्के. वहीत लिहा, खाली हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या. कार्यालयाच्या कागदावरचा रकाना कोरा असेल तर तुमच्या वहीचा रकाना भरलेला असू द्या. अशा वह्या बारामती आणि इंदापूरच्या वीस गावांतून दोन वर्षे लिहिल्या गेल्या तर कोणत्या शिवाराची माती कधी मऊ पडते, याचा जो नकाशा तयार होईल तो आज कोणत्याही कार्यालयात नाही.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने आपल्या शिवारातील एका काळ्या रानाची आणि एका मुरमाड रानाची माती बांधून आणावी. पिशवीवर गाव, गट क्रमांक, खोली आणि शेवटचे पाणी कोणत्या तारखेला दिले ते लिहावे. मालकाचे नाव लिहू नये. काटा आणि शेगडी पणदऱ्याची मंडळी देणार आहेत.